इंद्रलुप्ताचे यश कोणाच्या खात्यावर?

डिसेंबर २०२४ च्या प्रारंभी बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, खारपाणपट्ट्यातील काही गावांत, लोकांचे केस अकस्मात गळू लागले. पहिल्या दिवशी डोक्याला कंड, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातात केसांचे पुंजके आणि आठवड्याभरात टक्कल, असा क्रम होता. ३ डिसेंबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ या काळात १८ गावांतील २७९ व्यक्तींना हा त्रास झाल्याची नोंद झाली. त्यांत महाविद्यालयीन मुले होती, लग्न ठरलेल्या मुली होत्या. आरंभी बुरशीचा संशय घेतला गेला, मग पाण्यातील क्षार व नायट्रेटवर बोट ठेवले गेले, शांपूही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके येऊन रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने घेऊन गेली. दरम्यान महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः त्या गावांत गेले, त्यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासून घेतले आणि शिधावाटप दुकानातील, पंजाबातून आलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार आहे असे मांडले. त्यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते व गहू धुतल्यावरही ते १३.६१ मिलिग्रॅम राहिले, म्हणजे सेलेनियम दाण्याच्या आतच होते. रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट, मूत्रात ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळल्याचेही त्यांनी सांगितले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून नखे ठिसूळ होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. केस आणि नखे ही जोडी सेलेनियमच्या विषारी परिणामात नेहमीची आहे.

विदर्भाच्या त्या टोकाचे हे वृत्त या टोकाला, आमच्या सिहोऱ्यापर्यंत, पोहोचण्यास वेळ लागला नाही. डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडलेला कोणीही दवाखान्यात आला की त्याचा पहिला प्रश्न असे, ‘डॉक्टरसाहेब, हे बुलढाण्यावालं तर नाही ना?’ ते बुलढाण्याचे नव्हते. ती आपली जुनी ओळखीची चाई होती. दोहोंतील भेद डोळ्यांना दिसणारा आहे. सेलेनियमने एकाच घरात एकच धान्य खाणाऱ्या अनेकांचे केस एकदम व सरसकट जातात. चाईत एकट्यादुकट्या माणसाच्या डोक्यावर, दाढीत वा भुवईत गोल, गुळगुळीत, दाह व खवले नसलेला चट्टा उमटतो, त्याच्या कडेला मुळाशी बारीक व टोकाशी जाड असे तुटके केस दिसतात, आणि काहींच्या नखांवर टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात. हा भेद लिहून ठेवण्याचे कारण एवढेच की, त्या काळात केस गळण्यावर हमखास उपाय सांगणाऱ्यांचे पेव फुटले होते, त्यांत आपल्याच शास्त्राचे नाव घेणारे अनेक होते, आणि त्यांपैकी कोणीही आधी निदान करीत नव्हते.

इंद्रलुप्त आपल्या संहितांना नवे नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानातील क्षुद्ररोगांत त्याची जी संप्राप्ती दिली आहे, ती आपण सर्वांनी पाठ केलेली असते: रोमकूपातील पित्त वातासह मूर्च्छित होऊन केस पाडते, आणि मागाहून रक्तासह कफ रोमकूपाचा मार्ग रोखतो, म्हणून नवा केस उगवत नाही. वाग्भटाचार्यांनी खालित्य व इंद्रलुप्त यांतील फरक गतीवर ठेवला. एकात केस हळूहळू जातात, दुसऱ्यात एकाएकी. मधुकोशकारांनी कार्तिकाचे मत नोंदविले आहे की दाढीमिशांतील ते इंद्रलुप्त, डोक्यावरील ते खालित्य आणि सर्वांगावरील ती रुह्या. म्हणजे आपल्या ग्रंथांतही या नावांच्या सीमांविषयी एकवाक्यता नव्हती, चर्चा होती. हे सांगतो कारण पदव्युत्तर प्रबंधांत ‘इंद्रलुप्त म्हणजे अलोपेशिया एरियाटा’ असे समीकरण पहिल्याच पानावर मांडून पुढे जाण्याची रीत पडली आहे. समीकरण बरेचसे योग्य आहे. परंतु ते सिद्ध करावयाचे आहे, गृहीत धरावयाचे नाही.

आता आधुनिक संशोधन पाहू. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या व्याधीविषयी जेवढे कळले, तेवढे त्यापूर्वीच्या शतकात कळले नव्हते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अँजेला क्रिस्टियानो या आनुवंशिकी संशोधिका स्वतः या व्याधीच्या रुग्ण आहेत. त्यांच्या गटाने २०१० मध्ये १,०५४ रुग्ण आणि ३,२७८ निरोगी व्यक्ती यांच्या जनुकांची तुलना ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. संबंधित जनुके पाहता ही व्याधी पहिल्या प्रकारचा मधुमेह, आमवातसदृश संधिवात आणि गव्हाच्या प्रथिनामुळे होणारा आंत्रविकार यांच्या कुळातील ठरली. त्याचबरोबर, केसाचे मूळ संकटात सापडल्यावर स्वतःच्या पृष्ठभागावर जी धोक्याची निशाणी लावते, तिची जनुकेही या व्याधीत गुंतलेली आढळली.

हे असे घडते. वाढीच्या अवस्थेतील केसाचे मूळ हे शरीरातील थोड्या सुरक्षित जागांपैकी एक आहे. रोगप्रतिकारक पेशींच्या नजरेआड राहण्याची सोय निसर्गाने तेथे केली आहे. काही कारणाने हा आडोसा मोडला की लिंफोसाइट पेशी केसाच्या गड्ड्याभोवती गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखालील ते दृश्य पाहून पाश्चात्त्य विकृतिविज्ञांनी त्याला मधमाश्यांच्या थव्याची उपमा दिली. या पेशी गॅमा इंटरफेरॉन स्रवतात, केसाचे मूळ प्रत्युत्तरादाखल इंटरल्युकिन १५ स्रवते, त्याने आणखी पेशी येतात, असे चक्र चालू राहते. या दोन्ही संदेशांचे पेशीच्या आतील वहन ‘जॅक’ नावाच्या विकरांमार्फत होते. मुख्य गोष्ट अशी की या हल्ल्यात केसाची मूळ पेशी, जिच्यापासून नवा केस जन्मतो, ती बहुधा शाबूत राहते. म्हणून वर्षानुवर्षे गुळगुळीत राहिलेल्या चट्ट्यावरही केस परत येण्याची शक्यता असते. रोमकूप नष्ट झालेला नसून रुद्ध झालेला आहे, हे आपल्या आचार्यांचे निरीक्षण येथे किती जवळ जाते, ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. मात्र ‘कफ म्हणजेच लिंफोसाइट’ असे लिहिण्याचा मोह मी टाळतो, आणि इतरांनीही टाळावा. निरीक्षण जुळणे वेगळे आणि कारण जुळणे वेगळे.

२०१४ मध्ये त्याच कोलंबिया गटाने ‘जॅक’ अडविणारे रक्सोलिटिनिब तीन रुग्णांना देऊन पाच महिन्यांत केस उगवल्याचे दाखविले. त्याच वर्षी येल विद्यापीठात ब्रेट किंग यांनी सोरायसिस असलेल्या व अंगावर एकही केस नसलेल्या तरुणाला टोफासिटिनिब दिले व त्याचे केस परत आले. मग मोठ्या चाचण्या झाल्या. बॅरिसिटिनिबच्या दोन चाचण्यांत मिळून १,२०० रुग्ण होते, सर्वांच्या डोक्यावरील निम्मे वा त्याहून अधिक केस गेलेले. ३६ आठवड्यांनंतर डोक्याचा ८० टक्के वा अधिक भाग केसांनी झाकला गेला असे रुग्ण, ४ मिलिग्रॅमच्या मात्रेत, पहिल्या चाचणीत ३८.८ टक्के व दुसरीत ३५.९ टक्के होते. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण अनुक्रमे ६.२ व ३.३ टक्के होते. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या व्याधीसाठी बॅरिसिटिनिबला मान्यता दिली, २०२३ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिबला, आणि २०२४ मध्ये ड्यूरक्सोलिटिनिबला. २०२१ मध्ये कोविडच्या निमित्ताने बॅरिसिटिनिब बनविण्याचे परवाने देशी कंपन्यांनाही मिळाले होते, त्यामुळे ही गोळी आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाही.

हे यश मोठे आहे, ते मोकळ्या मनाने मान्य करावे. त्याच्या मर्यादाही तितक्याच मोकळेपणी सांगाव्यात. दहापैकी सहा रुग्णांना तेवढा गुण आला नाही. औषध थांबविल्यावर पुष्कळांचे केस पुन्हा जातात. गंभीर जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृद्रोग, कर्करोग यांविषयीचा ठळक इशारा या वर्गातील औषधांवर छापावा लागतो. दबलेला क्षय जागा होण्याचा धोका असल्याने आधी क्षयाची तपासणी करावी लागते. आपल्या भागात हा मुद्दा कागदी नाही. ही औषधे त्वचारोगतज्ज्ञांनीच द्यावीत. आपल्यापैकी कोणी ती लिहून देऊ नयेत आणि औषधी दुकानदार बंधूंनी ती चिठ्ठीवाचून हातावर ठेवू नयेत.

येथून मी मूळ मुद्द्यावर येतो. निष्क्रिय गोळीच्या गटातील ते ६.२ आणि ३.३ टक्के आपल्यासाठी बॅरिसिटिनिबच्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे आहेत. ते जुनाट व विस्तृत विकारातील आपोआप बरे होणे आहे. आपल्या दवाखान्यात येणारा बहुसंख्य रुग्ण एक-दोन चट्ट्यांचा, दोन-तीन महिन्यांतला असतो, आणि अशा रुग्णांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यांपर्यंत रुग्णांचे केस वर्षभरात कोणत्याही औषधाविना परत येतात. मग त्या वर्षात ज्याने तेल दिले त्याच्या तेलाला, ज्याने लेप दिला त्याच्या लेपाला, ज्याने ताईत दिला त्याच्या ताइताला यश मिळते. आमच्या भागात धानाच्या बांधीच्या कडेला माका पैशापासरी उगवतो; त्याचा रस चट्ट्यावर चोळून बरे झालेले लोक प्रत्येक गावात आहेत. ते खोटे बोलत नाहीत. पण न चोळता बरे झालेले कोणी वैद्याकडे येऊन तसे सांगत नाही. आणि ज्यांना आपल्या औषधाने गुण आला नाही, तेही येत नाहीत, ते तुमसर, भंडारा, नागपूर अशी वाट धरतात. आपल्या वहीत मात्र ‘रुग्ण पुन्हा आला नाही’ याचा अर्थ आपण ‘बरा झाला असावा’ असा सोयीने लावतो.

आपल्या अधिवेशनांत दाखविली जाणारी ‘उपचारापूर्वी’ व ‘उपचारानंतर’ अशी छायाचित्रांची जोडी या व्याधीत म्हणूनच जवळजवळ निरर्थक आहे. आमवात किंवा मधुमेह यांत तसे म्हणता येणार नाही. त्या व्याधी सहसा आपण होऊन हटत नाहीत. चाई हटते. तुलनेस दुसरा गट नसेल तर चाईवरील यशाचा कोणताही दावा मी तरी मानावयास तयार नाही, मग तो माझ्या गुरुबंधूंचा का असेना.

असा दुसरा गट ठेवून वनस्पतींचा अभ्यास होऊ शकतो, आणि झालेलाही आहे. १९९८ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे ८६ रुग्णांवर एक चाचणी झाली. एका गटाने तुळसकुलातील थाइम, रोझमेरी, लव्हेंडर व देवदारवर्गीय झाडाचे सुगंधी तेल साध्या तेलात मिसळून रोज डोक्यावर चोळले, दुसऱ्याने नुसते साधे तेल चोळले. पहिल्या गटात ४४ टक्के रुग्ण सुधारले, दुसऱ्यात १५ टक्के. २००२ मध्ये बगदादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी कांद्याचा रस आणि नळाचे पाणी यांची तुलना केली: सहा आठवड्यांत रसाच्या गटातील २३ पैकी २० जणांना केस आले, पाण्याच्या गटात आठ आठवड्यांनी १३ टक्क्यांना. कांद्याच्या चाचणीत दोष आहे आणि तो नाकालाच कळतो; कोणाला कांदा व कोणाला पाणी हे लपविता येणे अशक्य, त्यामुळे रुग्ण व वैद्य दोघांच्याही मनाचा कल निकालात उतरणार. संख्याही लहान. तरीही कांदा आणि नळाचे पाणी यांवर अभ्यास करून ते लोक तो छापू शकले. ज्या देशात पलांडू, भृंगराज, गुंजा, मालती यांची नावे हजार-दोन हजार वर्षे या प्रकरणाखाली लिहिली जात आहेत, त्या देशातील आपण तेवढेही नीट करू नये, याची मला खंत वाटते.

गुंजेवरून एक गोष्ट आठवते. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात इंद्रलुप्तासाठी स्नेहन-स्वेदनानंतर सिरावेध सांगितला आहे. मनःशिला, कासीस, तुत्थ व मरिच यांचा लेप सांगितला आहे. खोल प्रच्छान करून पुन्हा पुन्हा गुंजाकल्क लावण्यास सांगितले आहे. मालती, करवीर, चित्रक व करंज यांचे सिद्ध तेल सांगितले आहे, आणि रसायनाचाही पर्याय ठेवला आहे. यांतील बहुतेक बाह्य द्रव्ये त्वचेला चेतविणारी आहेत. आधुनिक त्वचारोगशास्त्रातही गेली अनेक दशके एक उपचार आहे: डायफेनसिप्रोन नावाचे रसायन मुद्दाम त्वचेवर लावून सौम्य दाह उत्पन्न करावयाचा व त्या दाहाने केसाच्या मुळावरील हल्ला दुसरीकडे वळवावयाचा. साम्य लक्षवेधी आहे. पण एकात विशिष्ट द्रव्याची अ‍ॅलर्जी घडवून आणली जाते, दुसऱ्यात केवळ क्षोभ होतो; हे दोन्ही एकच, असे समजण्यास आधार नाही. नुसत्या क्षोभाने चाईत गुण येतो का, हा स्वतंत्रपणे तपासण्याजोगा प्रश्न आहे. तो प्रश्न आपल्या ग्रंथाने उभा केला आहे, उत्तर आपण शोधावयाचे आहे.

आणि उत्तर शोधण्याची एक युक्ती त्याच डायफेनसिप्रोनवाल्यांनी वापरली. ते आरंभी डोक्याच्या अर्ध्या भागालाच औषध लावीत व उरलेला अर्धा तसाच ठेवीत. एका बाजूला केस आले व दुसऱ्या बाजूला नाहीत, तर ते औषधाचे काम; दोन्हीकडे आले, तर निसर्गाचे असण्याचा संभव मोठा. रुग्ण तोच, प्रकृती तीच, आहार-विहार तोच. याहून स्वस्त तुलना कोणती? दोन चट्टे असलेल्या रुग्णात एकाला तेल वा लेप लावावा, दुसऱ्याला लावू नये. पहिला कोणता हे नाणे उडवून ठरवावे. आरंभी, सहाव्या व बाराव्या आठवड्यात मोजपट्टी बाजूला धरून छायाचित्रे घ्यावीत. आणि ती पाहून निर्णय देणारा वैद्य दुसराच असावा, ज्याला कोणता चट्टा उपचाराचा हे सांगितलेले नसावे. या पद्धतीत पोटातील औषध व रसायन यांची परीक्षा होत नाही, कारण ते दोन्ही चट्ट्यांना पोहोचते. त्यासाठी रुग्णांचे दोन गटच लागतील. विस्तृत विकारात डोक्याचे भाग ठरलेल्या प्रमाणात मोजावेत: माथा ४० टक्के, मागील भाग २४ टक्के, दोन्ही बाजू प्रत्येकी १८ टक्के. ‘बराच फरक पडला’ हे मोजमाप नव्हे.

यात रुग्णाची लेखी संमती हवी आणि एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या नीतिसमितीची मान्यता हवी. नागपूर त्या दृष्टीने आपल्याला जवळ आहे. चाचणीची नोंद भारतीय नोंदवहीत, जी २००७ पासून सुरू आहे, आरंभ करण्यापूर्वीच व्हावी, म्हणजे निकाल न आवडल्यास तो दडविता येत नाही. खेड्यातल्या वैद्याला हे कुठले जमणार, असे कोणी म्हणेल. डॉ. बावस्करांनी विंचूदंशावरील प्राझोसिनचा उपयोग कोकणातील ग्रामीण रुग्णांत अभ्यासिला व १९८६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्णाशेजारी रात्रभर बसण्याची तयारी व नेटकी नोंद होती. बुलढाण्यातही त्यांनी हेच केले: तर्क लढविण्याआधी गहू तपासला.

औषधी निर्माते व विक्रेते बंधूंना दोन शब्द. हस्तिदंतमषीचा ग्रंथोक्त उल्लेख आपण सर्व जाणतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हस्तिदंताचा व्यापार हा गुन्हा आहे. त्या नावाची डबी दुकानात असेल तर एक तर ती बेकायदा आहे किंवा आत दुसरेच काही आहे. गुंजा, करवीर, मनःशिला, तुत्थ ही सर्व औषध नियमावलीच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहेत. त्यांची तेले व लेप सुटे करून, नावाच्या चिठ्ठीविना देणे थांबविले पाहिजे. लहान मुलांच्या डोक्याला लावलेले हातावाटे तोंडात जाते, हे विसरू नये. याहून वाईट प्रकार म्हणजे ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून दिल्या जाणाऱ्या बिननावाच्या मलमांत तीव्र स्टेरॉइड मिसळणे. मागे एक नऊ वर्षांची मुलगी असे मलम घेऊन माझ्याकडे आली. कोणी दिले ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तिच्या डोक्यावर चाई नव्हतीच, बुरशीची दाद होती. मलमाने ती आधी दबली व नंतर कवटीभर पसरली. चट्ट्यावर खवले आहेत का, केस ओढल्यास दुखते का, मानेतील गाठी वाढल्या आहेत का, हे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. ‘नवे केस हमखास’ ही पाटी लावणारांनी टक्कल हा शब्द औषध नियमावलीच्या जे अनुसूचीत कोठे येतो ते एकदा वाचावे. त्या यादीतील विकार बरे करण्याचा दावा औषधावर करता येत नाही.

चाईचा कोणता रुग्ण आपण ठेवून घ्यावा? माझ्या मते एक ते तीन चट्टे, सहा महिन्यांच्या आतील, प्रौढ रुग्ण, त्याला आपोआप बरे होण्याची शक्यता स्पष्ट सांगून. अवटु ग्रंथीची तपासणी व रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे. लहान मूल, कानामागून मानेपर्यंत सर्पाकार पसरलेला चट्टा, भुवया-पापण्या जाणे, नखांचे खड्डे, अंगावर कोड वा दम्याचा इतिहास, किंवा चट्ट्यावरील त्वचा व्रणासारखी चकाकणे, यांपैकी काहीही असल्यास त्वचारोगतज्ज्ञांचे मत घ्यावेच. नवी औषधे उपलब्ध असताना महिनोन्‌महिने तेल चोळीत ठेवणे हा त्या रुग्णावर अन्याय आहे. विशेषतः मुलींच्या बाबतीत, जिथे एका चट्ट्यावरून सोयरीक मोडते, तिथे हा काळ फार मोलाचा असतो.

संघटनेपुढे माझी सूचना अशी आहे. या त्रैमासिकाच्या पुढील अंकासोबत एक पानी नोंदपत्रक द्यावे: वय, चट्ट्यांची संख्या व आकार, विकाराचा काळ, नखे, कुटुंबातील इतिहास, दिलेला उपचार, सहा व बारा आठवड्यांची स्थिती, आणि न परतलेल्या रुग्णास दूरध्वनी करून विचारलेली माहिती. कोणताही उपचार न घेता केवळ पाहणीखाली राहिलेल्यांचीही नोंद त्याच पत्रकात व्हावी. तुमसर व मोहाडी तालुक्यांतील जे वैद्यबंधू-भगिनी तयार असतील, त्यांची पत्रके एकत्र करून मोजणी करण्याचे काम मी सिहोऱ्याहून पाहीन. निकाल आपल्या बाजूने लागो वा न लागो, तो याच पानांवर छापावा, एवढी संपादक मंडळाने आधी हमी द्यावी.